चादरघाटचे मास्तर

२०२१ चा ऑगस्ट होता. कॉलेज अजून अर्धं मोबाइलवर, अर्धं वर्गात असं चाललं होतं. मी भालकीहून हुमनाबादमार्गे कलबुर्गीला मावशीकडं आले होते. सकाळी पेपर चाळताना आतल्या पानावर एक बातमी दिसली. एस. एस. हकीम, वय ८२, माजी ऑलिंपिक फुटबॉलपटू, आंतरराष्ट्रीय पंच, हवाई दलातले निवृत्त अधिकारी, यांचं कलबुर्गीतल्या एका हॉस्पिटलात निधन. आपल्या गावात ऑलिंपिकपटू होता आणि आपल्याला पत्ताच नाही, याचं मला नवल वाटलं. बाबांना फोन करून सांगितलं.

बाबा जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले की अगं, तो रहीमसाहेबांचा मुलगा. आणि मी विचारलं, कोण रहीमसाहेब?

हा प्रश्न मी विचारायला नको होता. माझे बाबा पी.टी.चे शिक्षक. आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी सत्तावीस वर्षं शिट्टी वाजवली. पी.टी.चा तास म्हणजे काय हे तुम्हाला माहीतच आहे. गणिताच्या सरांचा पोर्शन राहिला की मागून घ्यायचा तास, आणि कुणीच मागितला नाही तर पोरांनी झाडाखाली बसायचा तास. शाळेत फुटबॉल एकच, तोही दर पंधरा दिवसांनी पंक्चर. एवढ्या भांडवलावर हा माणूस दरवर्षी जिल्हा स्पर्धेला टीम न्यायचा, आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत हरवून आणायचा. घरात आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्यांच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून एक जुनं कात्रण चिकटवलेलं होतं, टोपी घातलेल्या एका किरकोळ माणसाचं. मला वर्षानुवर्षं वाटत होतं की ते कुणीतरी स्वातंत्र्यसैनिक असावेत.

ते सय्यद अब्दुल रहीम होते. पुढं २०२४ मध्ये ‘मैदान’ सिनेमा आला, अजय देवगणनं त्यांचं काम केलं, आणि आता तुमच्यापैकी पुष्कळांना नाव माहीत झालंय. पण सिनेमा शेवटी सिनेमा असतो. मी त्या फोननंतर जे वाचत गेले, बाबांकडून आणि त्यांच्या मित्रांकडून ऐकत गेले, त्यातलं जे पक्कं आहे ते इथं मांडते.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. हैदराबाद म्हणजे तेव्हा नुसतं शहर नव्हे, निजामाचं राज्य. तेलंगण, मराठवाडा, आणि आपले बिदर, गुलबर्गा, रायचूर हे सगळं त्या एकाच राज्यात होतं. आमचे आजोबा कोर्टाच्या कामाला जायचे ते हैदराबादलाच, बेंगळुरू हे नाव त्यांच्या तोंडी कधी यायचं नाही. तेव्हा रहीमसाहेब आपल्याला परके नाहीत, जुन्या हिशोबानं आपल्याच राज्याचे.

ते उस्मानिया विद्यापीठातून बी.ए. झाले. उस्मानियात तेव्हा सगळं शिक्षण उर्दूतून चालायचं. कॉलेजात फुटबॉल खेळले, पुढं कमर क्लब आणि इलेव्हन हॅकर्स अशा शहरातल्या क्लबांकडून खेळले. चांगले खेळायचे म्हणतात. पण भारताच्या संघात त्यांचं नाव कधीच आलं नाही. हैदराबादच्या स्थानिक लीगमधले बरे खेळाडू, यापलीकडं खेळाडू म्हणून त्यांची गोष्ट जात नाही. पोटासाठी ते मास्तर झाले. आधी काचीगुडा मिडल स्कूल, मग उर्दू शरीफ, मग दारुल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल. मधे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शेवटच्या दोन शाळांत खेळाचा सगळा भार अंगावर घेतला. म्हणजे सरळ सांगायचं तर पी.टी. मास्तर. (हे वाक्य मी बाबांसमोर मोठ्यानं वाचलं. ते चष्मा पुसत बसले.)

मोठा खेळाडू नसलेला माणूस मोठा कोच होऊ शकतो का, हा प्रश्न फुटबॉलला नवा नाही. इंग्लंडमध्ये जिमी होगन म्हणून एक होते, जन्म १८८२. बर्नलीकडून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळले, पुढं स्विंडन, फुलहॅम, बोल्टन असं फिरले. इंग्लंडच्या संघात त्यांनाही कुणी घेतलं नाही. १९१० मध्ये ते हॉलंडला डोर्ड्रेख्टमध्ये कोच म्हणून गेले, मग व्हिएन्नाला. तिथं पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि शत्रूदेशाचा नागरिक म्हणून पकडले गेले. युद्धाची वर्षं त्यांनी बुडापेस्टला एम.टी.के. क्लबच्या पोरांना बॉल जमिनीवर ठेवून पास द्यायला शिकवण्यात घालवली. ते मायदेशी परतले तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पण नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीनं वेम्बलीवर जाऊन इंग्लंडला ६–३ हरवलं, आणि हंगेरीच्या लोकांनी त्याचं श्रेय या म्हाताऱ्या इंग्रजाला दिलं. तेव्हा सत्तरी गाठलेले होगन ॲस्टन व्हिलाच्या पोरांना घेऊन ती मॅच बघायला आले होते.

होगन आणि रहीम यांची भेट झाली असं काही नाही. होगनना परदेशात जाऊन किंमत मिळाली, रहीमसाहेबांनी किंमत मिळवली तीही परदेशातल्या मैदानांवरच, मेलबर्नला आणि जकार्ताला. पण होगनांनी लावलेलं हंगेरीचं ते झाड मधे येतंच. त्याकडं वळते.

१९४३ मध्ये रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले, आणि मरेपर्यंत राहिले. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांच्या टीमचे कोच झाले.

इथं मला थोडं थांबावं लागतं. हैदराबादचे पोलीस हा शब्द आमच्या भागात साधा शब्द नाही. १९४८ हे वर्ष आमच्या घरात मोठ्यानं बोललं जायचं नाही. रझाकारांच्या दिवसांत माणसं गेली. गोरट्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. आणि सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाल्यावरही माणसं गेली, ती दुसऱ्या बाजूची. आजी तेवढं सांगायची की त्या वर्षी गल्लीतली तीन घरं रिकामी झाली आणि ती पुन्हा भरली नाहीत. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्याच हैदराबादच्या पोलिसांची टीम मुंबईला जाऊन रोव्हर्स कप जिंकून आली. एक वर्ष नव्हे. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षं. टीममध्ये मुसलमान होते, हिंदू होते, ख्रिस्ती होते. मी काही यातून निष्कर्ष काढत नाही. मला एवढंच वाटतं की हैदराबादहून मुंबईला जाणारी गाडी वाडी-गुलबर्ग्यावरूनच जाते. म्हणजे ती टीम, बुटांच्या पिशव्या आणि येताना तो कप घेऊन, पाच वेळा आपल्या स्टेशनवरून गेली असणार. प्लॅटफॉर्मवर कुणी ओळखलं असेल का त्यांना? आजोबांना विचारायचं राहून गेलं.

आता शिकवण्याबद्दल. बाबांच्या मते हीच खरी गोष्ट आहे, कप वगैरे नंतरचं.

आपल्याकडं तेव्हा फुटबॉल म्हणजे ड्रिबलिंग. ज्याच्या पायात बॉल आला तो चौघांना चकवत निघायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि पाचव्यानं बॉल काढून घेतला की सगळं मुसळ केरात. रहीमसाहेबांनी शहरातल्या पोरांसाठी स्पर्धा काढल्या, ज्यांत ड्रिबलिंगला बंदी. बॉल आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. साहजिकच पोरांना बॉल यायच्या आधीच मान वर करून कोण कुठं उभा आहे ते बघायची सवय लागली. दुसऱ्या काही स्पर्धा अशा, की ज्याचा जो पाय कच्चा त्याच पायानं खेळायचं. उजव्या पायाच्या पोरानं डाव्यानंच मारायचं. कागदावर हे पोरखेळ वाटेल. पण विचार करा, यासाठी ग्राउंड मोठं लागत नाही, परदेशी बूट लागत नाहीत, पैसा तर लागतच नाही. एका शाळामास्तराला जे हाताशी असतं, म्हणजे पोरं, शिट्टी आणि नियम बदलायचा अधिकार, तेवढ्यातच त्यांनी भागवलं.

माणूस हेरण्याचीही दृष्टी होती. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुळसीदास बलराम नावाचा पोरगा त्यांनी बघितला. घरची परिस्थिती हलाखीची. रोज इतक्या लांबून सरावाला यायचं कसं, म्हणून पोरगा मागं हटत होता. रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे द्यायची तयारी दाखवली. तो सायकलवरून यायला लागला. पुढं हाच बलराम दोन ऑलिंपिक खेळला.

१९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. रहीमसाहेब भारताचे कोच होते, कॅप्टन शैलेन मन्ना. अंतिम सामन्यात इराणला १–० हरवून सोनं मिळालं, गोल मेवालालचा. सगळे खुश.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी. १५ जुलै १९५२ ला युगोस्लाव्हियानं भारताला १०–१ असं धुतलं. एक गोल झाला तोही अगदी शेवटी, अहमद खाननं केलेला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. फिनलंडच्या थंडीत, ओल्या गवतावर, पायाला पट्ट्या बांधून. आपल्याकडं पावसाळी चिखल सोडला तर अनवाणी खेळण्यात एक चपळाई होती, अभिमानही होता. तो त्या दिवशी संपला. त्यानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले.

दहा गोल खाऊन परतलेल्या कोचचं काय होतं, हे आज आपल्याला माहीत आहे. पण मला वाटतं रहीमसाहेबांनी हेलसिंकीत दोन डोळ्यांनी दोन गोष्टी बघितल्या. एक, आपण कुठं आहोत. दुसरी, हंगेरी. त्या स्पर्धेचं सोनं हंगेरीनं घेतलं, त्याच युगोस्लाव्हियाला हरवून. पुश्कास आणि त्याचे जोडीदार जो खेळ खेळले त्याचं बी बुडापेस्टात होगनांनी पेरलेलं होतं. जुन्या पद्धतीत मागं तीन, पुढं पाच, आणि प्रत्येकाचा ठरलेला माणूस. हंगेरीचा मधला फॉरवर्ड पुढं उभाच राहायचा नाही, मागं सरकायचा, आणि त्याला धरायला नेमलेला बॅक गोंधळून जायचा, याच्या मागं जाऊ की जागा धरू? रहीमसाहेबांनी ही युक्ती आपल्या पोरांना शिकवली, आणि हळूहळू मागं चार, मधे दोन, पुढं चार अशा मांडणीकडं ते आले. याच मांडणीनं ब्राझीलनं १९५८ चा वर्ल्ड कप जिंकला आणि जगभर तिचं नाव झालं. त्याच्या दोन वर्षं आधी मेलबर्नला भारत जवळपास तसाच खेळत होता, असं जाणकार मानतात.

मेलबर्नची तारीख नीट बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात. मराठवाडा मुंबईकडं. तेलंगण आंध्रकडं. आपल्या घरांची कशी विभागणी झाली ते तुम्ही सगळे जाणता. माझी एक आत्या उदगीरला, ती रातोरात दुसऱ्या राज्यात गेली. आणि बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, ज्याचं राज्य विरघळलं होतं तो मास्तर मेलबर्नच्या मैदानाकडेला उभा होता. संघात त्याच्या हैदराबादची बरीच पोरं होती. अझीझ, नूर, बलराम, झुल्फिकारुद्दीन. गोलकीपर तंगराजही मूळ हैदराबादचाच.

पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशीच पडायची होती. पण बुडापेस्टात रशियन रणगाडे शिरले होते, हंगेरीनं फुटबॉलचा संघ पाठवलाच नाही, आणि भारत पुढं सरकला. मग समोर यजमान ऑस्ट्रेलिया. भारत ४–२ नं जिंकला. मूळचा गोव्याच्या आसगावचा आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा नेव्हिल डिसोझा, त्यानं एकट्यानं तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. आमच्या मंडळात गोव्याची दोन मुलं आहेत, त्यांना हे नाव ठाऊक नव्हतं. मी रागावणार होते, पण मलाही कुठं काय ठाऊक होतं?

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वीचे दहा गोल सगळ्यांच्या डोक्यात असणारच. आणि हाफटाइमनंतर पहिला गोल भारताचा, नेव्हिलचाच. काही मिनिटं, फार नाही, भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या दारात उभा होता. मग युगोस्लाव्हियानं चार केले. ब्राँझसाठीच्या सामन्यात बल्गेरियानं ०–३ नं हरवलं. चौथा नंबर. नेव्हिलचे एकूण चार गोल झाले, स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या बरोबरीत. भारतीय फुटबॉल ऑलिंपिकात त्याच्यापुढं आजवर गेलेलं नाही.

इकडं राज्य गेलं तरी हैदराबादची टीम मात्र गेली नाही. १९५६-५७ ला आणि त्याच्या पुढच्या वर्षी संतोष ट्रॉफी हैदराबादनंच जिंकली, दोन्ही वेळा मुंबईला हरवून. राज्य नाही पण टीम आहे, असा तो मजेशीर काळ. पुढं पोलिसांच्या टीमचंही नाव बदलून आंध्र प्रदेश पोलीस झालं.

१९६० च्या रोमबद्दल थोडक्यात सांगते. हंगेरीशी २–१ नं हार, पण हंगेरीला घाम फोडून. फ्रान्सशी १–१ बरोबरी, गोल पी. के. बॅनर्जींचा. पेरूकडून १–३. परत घरी. या संघात एक राखीव खेळाडू होता, सय्यद शाहिद हकीम, कोचचा मुलगा. तिन्ही सामन्यांत त्याला बापानं मैदानात उतरवलं नाही. १९६२ च्या आशियाई संघात तर त्याचं नावच नव्हतं. आपल्याकडं मास्तरांची मुलं त्याच शाळेत असली की काय भोगतात ते मला विचारा. बाबा मला खो-खोच्या टीममधूनही वगळायचे, लोक काय म्हणतील म्हणून. तेव्हा वाटायचं की हा अन्याय आहे. आता वाटतं, थोडा अन्याय होताच.

आता जकार्ता, १९६२. रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कॅन्सर झालेला होता. सिगरेट फार ओढायचे. माणूस आतून पोखरत चालला होता आणि संघाला घेऊन परदेशात निघाला होता.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं ०–२ नं हरवलं. पुढं थायलंडला ४–१ हरवलं, पण सामन्यात जर्नेलसिंग या आपल्या सगळ्यात भक्कम बॅकचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानला २–० हरवून भारत उपांत्य फेरीत. तिथं दक्षिण व्हिएतनाम. टाके घातलेला जर्नेल आता बॅकला हेडर घेऊ शकत नाही, हे उघड होतं. दुसरा कुणी कोच असता तर त्याला बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला उचलून सेंटर फॉरवर्डला टाकलं. बॅकचा माणूस थेट पुढं! जर्नेलनं त्या सामन्यात गोल केला आणि भारत ३–२ नं जिंकला. ही हिंमत आली कुठून, हे मी बाबांना विचारलं. ते म्हणाले की जर्नेल कॉलेजात असताना फॉरवर्डलाही खेळलेला होता, रहीमसाहेबांना ते लक्षात होतं. म्हणजे जुगार वगैरे काही नाही, मास्तरला आपल्या पोराची जुनी वही आठवत होती.

बाहेर वातावरण बिघडलं होतं. इंडोनेशियानं इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊच दिलं नव्हतं. त्यावर आशियाई खेळांच्या संघटनेतले भारतीय पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला, की मग या स्पर्धेला आशियाई खेळ म्हणायचं कसं? जकार्तात आग लागली. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. खेळाडूंच्या गाडीचीही धडगत नव्हती. पगडी लगेच ओळखू येते म्हणून जर्नेलला बसमध्ये खाली वाकून बसवत, असं सांगतात.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी पोरांना जवळ बोलावलं. लांबलचक भाषण नाही. उद्या मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे, सोन्याची, एवढंच मागितलं. पोरांना त्यांच्या दुखण्याची कल्पना होती की नव्हती, यावर वेगवेगळं सांगितलं जातं. मला वाटतं, खोकला लपत नाही.

४ सप्टेंबर १९६२. सेनायन स्टेडियममध्ये लाखभर माणूस, आणि सगळा भारताच्या विरोधात ओरडणारा. समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. कॅप्टन चुनी गोस्वामी. तंगराज आजारातून उठून गोलमध्ये उभा. जर्नेलच्या डोक्याला पट्टी. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल. विसाव्या मिनिटाला जर्नेलचा. शेवटी शेवटी कोरियानं एक परत केला, पण २–१ टिकलं. त्या लाखभर लोकांत भारतासाठी ओरडणारे मोजकेच, आणि त्यांत पाकिस्तानची हॉकी टीम होती, असं तिथं असलेल्यांनी सांगून ठेवलंय. मला हा तपशील सगळ्यांत आवडतो. चौदा-पंधरा वर्षंच तर झाली होती ना.

तिथून परतल्यावर रहीमसाहेब खचत गेले. ११ जून १९६३ ला हैदराबादेत ते गेले. वय ५३. जकार्तानंतर नऊ महिने. त्यानंतर भारताला फुटबॉलमध्ये आशियाई सोनं मिळालेलं नाही, आणि रोमनंतर आपला संघ ऑलिंपिकात पोचलेला नाही. रहीमसाहेबांना पद्म नाही. कोचना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. एवढा मोठा काळ, एवढा मोठा देश, आणि एका मास्तराच्या खुर्चीवर बसायला दुसरा मास्तर मिळेना, हे मला अजून नीट समजलेलं नाही. बाबांचं म्हणणं असं, की रहीमसाहेबांनी खेळाडू मागं ठेवले पण त्यांची शाळेतली पद्धत कुणी उचलली नाही. सगळ्यांना जकार्ता हवं होतं. डाव्या पायाच्या स्पर्धा कुणाला नको होत्या.

हकीमसाहेबांचं मात्र वाया गेलं नाही. बापानं खेळवलं नाही, पण ते हवाई दलात स्क्वॉड्रन लीडर झाले, फिफाचे पंच झाले, १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत पी. के. बॅनर्जींचे सहायक कोच होते. मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा संघाला त्यांनी १९९८ चा दुरंद कप जिंकून दिला. २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. आणि २२ ऑगस्ट २०२१ ला ते आपल्या कलबुर्गीत गेले. मी त्या दिवशी मावशीकडं होते. हॉस्पिटल काही फार लांब नसणार. आदल्या दिवशी कळलं असतं तर गेले असते का? खरं सांगते, नसते गेले. नाव माहीत नव्हतं.

‘मैदान’ आम्ही दोघांनी घरीच बघितला. शेवटी शेवटी बाबा उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. परत आल्यावर त्यांची एकच तक्रार होती, की सिनेमात शाळा फार कमी दाखवली.

बाबा आता निवृत्त आहेत. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी गल्लीतली सतरा-अठरा पोरं गोळा केली, गावाबाहेरच्या माळावर चुन्याची फक्की मारली, आणि जाहीर केलं की मॅच फक्त डाव्या पायानं. डावखुऱ्यांनी उजव्यानं. पहिल्या दिवशी पोरं हसून हसून पडली, एकानं बॉलऐवजी माळावरचा दगडच उडवला. मला पंच केलं होतं. चौथ्या दिवशी दहा-अकरा वर्षांच्या एका पोरानं डाव्या पायानं मारला तो बॉल सरळ दोन विटांच्या मधून गेला. पोरगं तिथंच उभं राहून आपल्या पायाकडं बघत होतं. बाबांनी शिट्टी वाजवली आणि त्याला ओरडले, की बघत काय बसलास, जागेवर जा.